ओल्या बाभळीची पाचर

"काका, तुमी खरं बोलत होता," एवढं बोलून सुंदररावानं गाडीची किल्ली त्रिंबकच्या मांडीवरल्या रेक्झिनवर टाकली, आणि त्रिंबकच्या हातातली सुई अर्धी आत, अर्धी बाहेर अशी राहून गेली. मोजून पाच शब्द. ह्या पाच शब्दांसाठी माणूस तीस वर्षं आतल्या आत झुरला, लग्नकार्यात शेवटच्या पंगतीला खालमानेनं जेवला, आणि ते आले कसे, तर सकाळी दहाला, केजच्या स्टँडामागच्या पत्र्याच्या दुकानात, टँकरची वाट बघणाऱ्या घागरींच्या खणखणाटात, चहासुद्धा न घेता! सुंदरराव म्हणजे भगवानरावांचा धाकटा. भगवानराव साखर कारखान्याचे चेअरमन होते, हा दूधसंघाचा आहे. बापाला राग फार होता, ह्याला घाई फार. "काल फाटकातून काढत होतो," तो उभ्याउभ्याच सांगत होता, "जरा रेटली तर सीट मला घेऊन ही अशी मागं. ब्रेकवरचा पायच सुटला की! खांबाला घासून थांबली म्हणून बरं. आमचे वडील जलमभर म्हणत गेले, त्रिंबक पेला होता. अवं कशाचा पेला! सीट सरकतीय. तुमी तवापसून तेच तर सांगत होता." मग पुतण्याचं लग्न, नवरदेव ह्याच गाडीतून काढायचा, परवापर्यंत सीट पक्की पाहिजे, असं काय काय सांगून तो मागून आलेल्या जीपमध्ये बसला नि गेला. त्रिंबकला खरं तर हसू यायला पाहिजे होतं, नाहीतर रडू तरी. आलं काहीच नाही.

आतून साखराबाई आली. तिनं दाराआडून सगळं ऐकलं होतं, आणि आपल्या बायकोचं तोंड इतकं फुललेलं बघून त्रिंबकनं पटकन मान खाली घातली, सुई ओढून घेतली. "आयकलं का?" ती म्हणाली. "अवं आयकलं का तुमी? पुन्यांदा म्हणायला लावायचं होतं त्यांला. चारचौघात म्हणायला लावायचं होतं!" उजवा हात तिनं सवयीनं पदराखाली घेतला होता. त्या हाताला अंगठा आणि शेजारचं अर्धं बोट, एवढंच उरलेलं. बाकीचा पंजा तीस वर्षांपूर्वी ह्याच गाडीच्या चाकाखाली गेला होता, आणि गाडी त्रिंबक चालवत होता. गाव म्हणालं, पेलेला होता. चेअरमन म्हणाले, तिचा सख्खा भाऊ धोंडीराम म्हणाला. ती एकटी म्हणाली, नाही, त्यांची चूक नाही, सीट सरकली. का, तर त्यानं दवाखान्यात खाटेपाशी उभं राहून तिला तसं सांगितलं होतं म्हणून. तेवढ्यावर तिनं फौजदाराला जबाब दिला, तेवढ्यावर तो सुटला, आणि तेवढ्यावरच पुढं ती त्याच्या घरात आली. पेताडाच्या घरचं पाणी पिणार नाही म्हणून धोंडीराम जो नांदूरघाटला बसला तो तीस वर्षांत एकदाही केजला तिच्या दारात आला नाही. राखीला तीच जायची, बांधायची नि उलट्या पावली यायची. आता हे ऐकल्यावर ती कशाला थांबतेय! शेजारच्या भामाबाईला सांगून आली, कोपऱ्यावरच्या बूथवरून फोन करून आली, आणि आल्या आल्या पाट धुवायला घेतला, प्यायलासुद्धा दीड घागर उरलीय ह्याचं भान न ठेवता. "धोंडीभाऊ येतोय," म्हणाली. "चारच्या एसटीनं. म्हणाला, चेअरमनच्या पोरानंच कबूल केलं म्हंतीस, तर येतो. शिरा करते. गूळ हाय थोडा."

त्रिंबक उठला, बसला, पुन्हा उठला. बिडी पेटवली आणि दोन झुरक्यांत विझवली. गाडी दुकानापुढच्या लिंबाखाली उभी होती. लाल, बुटकी, टप नसलेली, दोनच माणसांची. अडुसष्ट साली भगवानरावांनी ती हैदराबादच्या कुण्या नवाबाच्या घरातून आणली तेव्हा बघायला मुलूख लोटला होता. आपल्याकडं ऊस तोडायला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात, म्हणून लोकांनी लगेच नाव पाडलं: कोयत्याची गाडी. एक इकडं, एक तिकडं, तिसऱ्याला जागा नाही. भगवानराव सहा फुटांचे, त्यांचा ड्रायव्हर त्रिंबक पाच फूट दोन इंच. साहेब स्वतः चालवायला बसले की सीट मागं, त्रिंबक बसला की पुढं; सीटखालच्या लोखंडी पट्टीला खाचा होत्या, खटका त्या खाचेत बसायचा, आणि पाच वर्षांच्या ह्या ओढाताणीत खाचा झिजून गुळगुळीत झाल्या. हे सगळं त्यानं जबाबात सांगितलं होतं. अक्षरन् अक्षर खरं. मग आता खोलायला बसलास तर घाबरतोस कावून बे, असं तो स्वतःलाच म्हणाला. पान्यानं डाव्या बाजूचा बोल्ट काढला. मग डाव्याच बाजूचा दुसरा. उजव्या पट्टीकडं हात जाईना. बोल्ट गंजलेत, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि तेलाची बुधली आणायला आत गेला, बुधली हातातच होती. घरात साखराबाई भामाबाईला तीच हकिगत तिसऱ्यांदा सांगत होती, आणि दर खेपेला सुंदररावाच्या तोंडी एकेक वाक्य वाढत होतं. आता तर सुंदररावानं हात जोडले होते.

त्रिंबक नेहमी म्हणायचा, सीट सरकली एवढं कळलं, त्या दिवसाचं बाकी काही आठवत नाही. खोटं. न आठवायला काय झालं! बहात्तरचा दुष्काळ, पुढचा चैत्र लागलेला. साहेबांना केजला तहसीलमध्ये मीटिंगला सोडून तो त्यांचा डबा आणायला मोकळ्या गाडीनं परत निघाला होता. नांदूरघाटच्या अलीकडं रस्त्याचं दुष्काळी काम चाललेलं, दोन्ही अंगाला बायका खडी फोडत बसलेल्या, बोटांना चिंध्या बांधून. वाटेत एक बैलगाडी आडवी झाली होती. चाकाची लोखंडी धाव निसटून नालीत पडलेली आणि गाडीवान कपाळाला हात लावून बसलेला. त्या साली सगळ्याच गाड्यांचं हे असं. लाकूड वाळून आकसायचं, धाव सुटायची. एरवी चाकं रात्रभर नदीत घातली की फुगून घट्ट, पण नदीच कुठं होती? त्रिंबक बैलगाडीच्या घरातला, त्याला हे कळत होतं, तरी त्यानं भोंगा वाजवला, हसला आणि बाजूनं गाडी काढली. बावीस वर्षांचा होता. अंगात पांढरा सदरा, डोळ्यावर साहेबांचा गॉगल. बायका माना वर करून बघायला लागल्यावर ह्यानं काय करावं? पाय दाबला. गाडीनं उसळी घेतली आणि सीट त्याला घेऊन मागं गेली. स्टेअरिंग घट्ट धरलेलं, तेही त्याच्या वजनानं वळलं. ब्रेकसाठी पाय लांबवतोय, लांबवतोय, आणि पायाखाली नुसती हवा. मग खडीचा आवाज. मग आणखी एक आवाज, तो त्यानं कधीच कुणाला सांगितला नाही. अठरा वर्षांची एक पोरगी हातात हातोडी धरून बसली होती. बाकीच्या पळाल्या, ती जागची सरकली नाही. गाडीकडं बघतच राहिली, असं तिनंच पुढं सांगितलं; एवढी लाल गाडी तिनं कधी बघितलीच नव्हती.

"सीट सरकली" हे दोन शब्द त्यानं त्यानंतर इतक्या वेळा म्हटले की गावातली टवाळ माणसं त्याला सरक्या म्हणायला लागली. साखराचं ठरलेलं लग्न मोडलं. हात नसलेली बाई म्हणजे अर्धा कोयता, उसाच्या फडात मुकादम तिला उभी करत नाही. त्रिंबकनं मागणी घातली तेव्हा लोक म्हणाले, पाप धुतोय. धुवत असेल, कुणी सांगावं, पण ती त्याला आवडलीही होती. खाटेवर पडल्या पडल्या तिनं विचारलं होतं, "खरं सांगा, पेला होता का?" आणि तो म्हणाला होता, "तुझ्या गळ्याशपथ न्हाई. सीट सरकली." "मग झालं," ती म्हणाली. झालं म्हणजे झालंच. त्यावर पुन्हा कधी बोलणं नाही. दोघं केजला आले, त्यानं गाद्या-सीटांचं काम धरलं, ती डाव्या हातानं शिवायला शिकली. अंगठा आणि अर्धं बोट ह्यांच्या चिमटीत तिनं धरलेला कापडाचा काठ कधी निसटला नाही. वाघीण होती. गिऱ्हाइकाशी भांडायची, आणि त्रिंबकला कुणी पेताड म्हटलं तर भर बाजारात पदर खोचून उभी राहायची. ती अशी उभी राहिली की त्रिंबकला तिथून पळून जावंसं वाटायचं. लोक म्हणायचे, साधा माणूस, भांडण सोसत नाही. आणि घरात कुठं कपाट सरकल्याचा, बाकडं सरकल्याचा आवाज झाला तरी त्याचा जीव खालीवर व्हायचा. का, हे तिला कधी कळलं नाही.

शेवटी उजवीकडचे बोल्ट काढावेच लागले. सीट उचलून बाहेर ठेवली, सडलेली चटई ओढली. धूळ, उंदराच्या लेंड्या, दोन चिंचोके. पट्टीच्या मागच्या टोकाशी, डोळ्यांच्या आधी बोटांना कळलं. चार बोटं लांब, एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला निमुळती. पाचर. स्वतःच्या हातची कापणी माणूस तीस वर्षांनीही ओळखतो. सीट जागेवर राहत नाही, असं त्यानं साहेबांच्या कानावर घातलं होतं. साहेब म्हणाले होते, हैदराबादला पाठवावी लागंल, पाऊस पडू दे, मग बघू, तवर जमव काहीतरी. ह्यानं जमवलं. शेळ्यांना पाला काढून टाकलेली बाभळीची ओली फांदी पडली होती, तिचा तुकडा विळ्यानं तासला आणि सीटच्या मागं पट्टीत ठोकला. अशी बसली की वा! बाप असता तर कानफटात मारली असती. ओल्या लाकडाची पाचर कुणी मारतं का? वाळक्या लाकडाची मारावी आणि तिला पाणी पाजावं, मग ती फुगून धरते. ओली मारली तर ती वाळणार, आकसणार आणि एक दिवस गुपचूप गळून पडणार. शेंबडं पोरगंही सांगेल. आणि तेही त्या उन्हाळ्यात, चाकांच्या धावा रस्त्यावर पडत होत्या तेव्हा! त्या दिवशी केजहून निघताना सीट थोडी डुगडुगली होती. त्याला कळलं होतं. जाऊ दे, डबा आणल्यावर बघू, असं म्हणून त्यानं गॉगल लावला होता. सीट सरकली हे खरंच होतं. का सरकली, हे फौजदारानं विचारलं नाही, तिनं विचारलं नाही, आणि ह्यानं सांगितलं नाही.

त्यानं पाचर खिशात घातली आणि कामाला लागला. काम करायला लागल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं, तेही वाटेना. शेजारच्या म्हाळू वेल्डरकडून पट्टीच्या झिजलेल्या खाचा भरून आणल्या, कानशीनं एकेक खाच नव्यानं पाडली, खटक्याला नवी स्प्रिंग घातली. गादीचा कुजका काथ्या काढून ताजा भरला, सुतळीनं बांधला. खटका दहा वेळा लावला, दहा वेळा काढला. टक् असा आवाज यायचा आणि सीट जागेवर. असा खटका त्या दिवशी असता तर! खिशातली पाचर मांडीला टोचत होती. टाकून द्यावी. एवढीशी लाकडाची ढलपी, आत चूल पेटलेली, पाच मिनिटांत राख. मग चारला धोंडीराम येईल, शिरा खाईल, म्हणेल, दाजी, आमचं चुकलं. साखरा रडेल, हसेल, आणि त्रिंबक त्या पंगतीला पहिल्यांदा ताठ मानेनं बसेल. बसायला काय हरकत होती? पेला तर नव्हता ना तो? ते तर खरं होतं ना? तीनला सीट बसवून झाली. तो आत गेला तो चुलीत टाकायचं ठरवूनच गेला.

साखराबाई कढईत रवा परतत होती. भामाबाई गेली होती. त्याच्या हातात लाकूड बघून तिनं वर न बघताच डावा हात पुढं केला. "आणा इकडं. जाळ मंद झालाय."

त्यानं दिली. देताना बोटं सैल पडली, एवढंच. तिनं ती चुलीकडं नेली आणि थांबली.

"ही पाचर हाय की. कुठली?"

"सीटखाली होती."

तिनं ती उजेडाकडं धरली. बैलगाडीवाल्याच्या घरची तीही. "ओलीच मारलीय बघा. वाळून कशी पिळवटलीय. अगं बाई! म्हंजे सीट सरकतीय हे त्यांला ठावं होतं! ठावं असून ही असली पाचर ठोकून तुमाला गाडी दिली चेअरमननी!" तिचे डोळे लकाकले. "ही जपून ठेवू. धोंडीभाऊला दावते. आता बोल म्हणावं, कोण चुकलं!"

नुसतं हूं म्हणायचं होतं. भगवानराव जाऊन अकरा वर्षं झाली होती, ते काही नाही म्हणायला उठून येत नव्हते. त्रिंबकनं तोंड उघडलं ते हूं म्हणायलाच.

"मी मारलती," तो म्हणाला.

रवा करपायला लागला होता. तिनं कढई उतरवली नाही.

"कवा?"

"आठ दिस आधी."

"आन त्या दिवशी? कळलं न्हाई?"

"कळलं होतं. निघतानाच डुगडुगली."

"मला सांगितलं, सीट सरकली."

"सरकलीच की गं..."

"व्हय," ती म्हणाली. "सरकलीच."

तिनं शिव्या द्याव्यात, कढई फेकून मारावी, भामाबाईला हाक मारून चारचौघांत त्याची अब्रू काढावी, असं त्याला फार फार वाटलं. तिनं पाचर त्याच्या हातात परत दिली, कढई उतरवली आणि बाहेर गेली. गेली ती सरळ लिंबाखाली. गाडीपुढं दहा-बारा हातांवर जमिनीवर बसली, एक पाय दुमडून, एक लांब सोडून, डोक्यावर पदर. उजवा हात तिनं पदराबाहेर काढला आणि पुढ्यातल्या मातीवर ठेवला. तो हात असा उघडा, उन्हात, त्रिंबकनं कितीतरी वर्षांत बघितला नव्हता.

"अश्शी बसले होते," ती म्हणाली. "बसा गाडीत."

"साखरा, खुळी झालीस का?"

"सीट पक्की केली न्हवं? मग बघायची कुणी, नवरदेवानं? बसा म्हंते ना."

तो बसला. सीट पुढं ओढली, टक्. किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि धडधडायला लागलं.

"आता आणा पुढं."

"तू सरक बाजूला."

"तवा सरकले न्हाई, आता कावून सरकू? आणा. आन जोरात आणा. हळू आणल्यावर काय कळणार?"

त्यानं क्लच दाबून गिअर टाकला. उतरून पळावं, असं त्याला वाटलं. ती तशीच बसून राहील, चार वाजेपर्यंत, उद्यापर्यंत, हेही कळत होतं. तिच्या तोंडाकडं बघवेना म्हणून तो हाताकडं बघत राहिला. मग त्यानं पाय दाबला. गाडीनं तीच जुनी उसळी घेतली, पाठ सीटला भिडली, आणि सीट तिथंच राहिली. ब्रेक पायाखाली होता, सगळाच्या सगळा. गाडी थांबली तेव्हा चाक आणि तिचा हात ह्यांच्यात चार बोटांची माती होती.

धूळ खाली बसेपर्यंत ती हलली नाही. मग बंपरला डावा हात लावून उठली, गुडघा धरून क्षणभर वाकली.

"सरकली?"

"न्हाई."

"मग ती पाचर ठेवा जवळ. धोंडीभाऊ आला की त्याला दावा, आन कुणी मारली ते सांगा. त्या येळी तुमच्यासाठी मी बोलले. तीस वर्सं बोलले. आता मी न्हाई बोलणार."

"तो आल्यापावली जाईल, साखरा."

"जाईल."

"आन तू?"

तिनं पदर झटकला आणि करपलेली कढई खरवडायला आत गेली. खरवडल्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. त्रिंबकनं उतरायला पाहिजे होतं, पण तो सीटवरच बसून राहिला. स्टँडावर एसटी आत वळल्याचा भोंगा वाजला. थोड्या वेळानं टँकरच्या रांगेला वळसा घालून एक म्हातारा येताना दिसला. धोतर, टोपी, काखेत लुगड्याची नवी घडी. भाऊ बहिणीच्या दारात मोकळ्या हातानं आला नव्हता. त्यानं लाल गाडी ओळखली, गाडीतला माणूस ओळखला, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा हसून हात वर केला. "दाजी!" तो लांबूनच ओरडला. त्रिंबकच्या एका मुठीत पाचर होती. त्यानं दोन्ही पाय पुढं रेटले, पाठ मागं दाबली, सगळा जीव लावून तो मागं सरकायला बघत होता. सीट जागची हलली नाही.